श्वास धरून बांधलेला पूल

अगं, तू आधी ऐक. मध्ये काही विचारू नकोस, नाहीतर माझी गाडी भलतीकडेच जाईल. नुसतं ऐक.

मी सध्या जाते ते काम म्हणजे एक अभ्यास चाललाय. शहरातल्या चाळीस गल्ल्या निवडल्यात. प्रत्येक गल्लीतून चार-पाच वर्षांची दहा मुलं चिठ्ठ्या टाकून काढायची आणि त्यांच्या घरी जाऊन बघायचं की मूल काय काय करू शकतं. आमच्याकडे एक निळी पेटी असते. तिच्यात लाकडी ठोकळे, जाड मणी, नाडी, बोथट कात्री, खडू, चित्रांचं पुस्तक. ठोकळ्यांचा दोन कमानींचा पूल आपण बांधून दाखवायचा, मोडायचा आणि मुलाला म्हणायचं, आता तू बांध. मग मणी ओवायचे, माणूस काढायचा, एका पायावर उड्या मारायच्या, चित्रात काय चाललंय ते सांगायचं. अठरापैकी गुण. हा झाला मुलाचा कागद.

दुसरा असतो गल्लीचा कागद, आणि त्याचा आम्हाला सगळ्यांना जाम कंटाळा. घड्याळ लावून दहा मिनिटं रस्त्यावर उभं राहायचं. किती गाड्या गेल्या? चालायला वेगळी जागा आहे का? गटार उघडं की झाकलेलं? सावली आहे? मोठ्या माणसाला मुलाजवळ टेकता येईल अशी जागा? मग दोन्ही कागद शेजारी ठेवून वरचे लोक बघणार की राहायची जागा आणि मुलाची वाढ यांचं नातं किती घट्ट आहे. आणि जिथे मुलंही मागे आणि रस्ताही वाईट अशा पहिल्या सहा गल्ल्यांना खेळघर मिळणार. मोठी खोली, थोडं अंगण, खेळणी, आणि दिवसभर पोरांशी बोलायला एक ताई. हे खेळघर लक्षात ठेव हं.

आम्ही जोडीने फिरतो. माझी जोडीदारीण म्हणजे मोजपट्टी. ऑफिसात सगळे तिला हेच म्हणतात, कारण बाई सगळं मोजते. माझ्या डब्यात किती भाजी, तिच्या डब्यात किती. माझ्या खुर्चीची उशी जाड की तिची. कामाला मात्र वाघीण. रडणारं पोर तिच्यासमोर दोन मिनिटांत खडू हातात घेतं. तिचा नवरा फ्रीज दुरुस्त करतो. मोठा दीरही तेच करतो, फक्त एका कंपनीत. दोघांची कमाई जवळपास सारखी. पाच वर्षं दोन्ही जावा एकाच स्वयंपाकघरात राबल्या, पोरंही महिनाभराच्या अंतराने झाली. मोजपट्टीचा गोटू आणि जावेची चिमी. मग तीन वर्षांपूर्वी कंपनीने दिराला टेकडीवरच्या वसाहतीत घर दिलं आणि ते तिकडे गेले. मोजपट्टी खालीच राहिली, बसडेपोच्या मागच्या गल्लीत.

तेव्हापासून तिच्या पोटात एक निखारा होता बघ. बोलायची नाही, पण सकाळी आल्या आल्या कळायचं की काल जावेचा फोन आला होता.

"चिमी म्हणे आता पाच बोटांचा माणूस काढते," पेटीचं कुलूप उघडता उघडता ती म्हणायची. "मोजून पाच. गोटूच्या माणसाला हातच नसतात. पोटातून पाय येतात सरळ."

"अगं, येतात त्या वयात," मी म्हणायचे.

"चिमीच्या माणसाला येत नाहीत."

आणि मग काय झालं असेल? टेकडीवरच्या वसाहतीत चिठ्ठीत नेमकं चिमीचंच घर आलं. नात्यातल्या मुलाला आपण मोजायचं नाही असा नियम आहे, म्हणून मी आत गेले आणि मोजपट्टी बाहेर गल्लीचा कागद भरत राहिली. फुटपाथ, आहे. सावली, आहे. बाक, आहे. बाग, चालत तीन मिनिटं. दहा मिनिटांत गाड्या, दोन. तिने प्रत्येक खूण इतकी दाबून केली होती की कागदाच्या मागून हात फिरवला तर लागत होती.

आत चिमीने पहिल्या फटक्यात पूल बांधला. मणी ओवताना मला वर विचारलं, "तू पण ओवतेस का? मी तुला शिकवते." पंधरा गुण. गुण कुणाला सांगायचे नसतात, अगदी आईलासुद्धा नाहीत. पण निघताना जाऊबाई दारात आल्या आणि मोजपट्टीला सहज म्हणाल्या, "गोटूला पण असलं काही घेऊन देत जा गं. पोराच्या हाताला काहीतरी चाळा हवा." मला विचारशील तर त्यांच्या मनात काहीही नव्हतं. पण मोजपट्टीचा चेहरा! बसमध्ये बसल्या बसल्या तिने माझ्या मांडीवरचा कागद ओढून गुण बघितले. मी म्हटलं, "अगं, नियम." ती म्हणाली, "पंधरा," आणि खिडकीबाहेर बघत राहिली.

तीन आठवड्यांनी डेपोमागच्या गल्लीची चिठ्ठी निघाली. दहा नावांत चौथं नाव गोटूचं.

आमच्यात एक पद्धत आहे. पोरं ठोकळे तोंडात घालतात, म्हणून दर शनिवारी कुणीतरी एकीने पेटी घरी न्यायची, सगळं साबणाच्या पाण्यात धुवायचं, वाळवून सोमवारी आणायचं. पाळी माझी होती. मोजपट्टी म्हणाली, "राहू दे, मी नेते. तुला लांब पडतं." पुढच्या शनिवारीही तीच म्हणाली. मला काय, बरंच झालं. जड असते पेटी.

तिने काय केलं माहितीये? ठोकळे धुतले आणि जिन्याच्या खालच्या पायरीवर गोटूला घेऊन बसली. आठवड्यात मधल्या दिवशी पेटी नसायची, तर नवऱ्याकडून तसेच ठोकळे कापून घेतले, एक लाल रंगवलासुद्धा. पूल. मोड. पूल. मोड. गोटूचा हात थरथरायचा, शेवटचा ठोकळा ठेवताना सगळं कोसळायचं. मग तिने त्याला युक्ती शिकवली. "श्वास धर. ठेव. सोड." आणि शेवटचा ठोकळा लालच, कारण गोटूला लाल आवडतो.

आता पायरी काही तिची एकटीची नव्हती. इस्त्रीवालीचा मोठा मुलगा आला, वरच्या मजल्यावरची जुळी आली, टायरवाल्याची पोरगी आली. सगळी ओळीत उकिडवी बसून बघायची. "मला दे, मला दे." मोजपट्टी बोलून-चालून पोरांत रमणारी बाई, तिला नाही म्हणता येतं का? दोन आठवड्यांत त्या पायरीवर पाच पोरं श्वास धरत होती. आणि नेमकी ती पाचही आमच्या दहात.

मी मोजायला गेले तेव्हा मला यातलं काही ठाऊक नव्हतं. गोटू समोर बसला. मी पूल दाखवला, मोडला. त्याने गाल फुगवले, डोळे मोठे केले, लाल ठोकळा अलगद ठेवला आणि फुस्स करून श्वास सोडला. मला इतकं गोड वाटलं! सतरा गुण. पुढच्या घरी जुळी. दोघींनी गाल फुगवले. मी थांबले जरा. मनात काहीतरी टोचलं. पण पेन चालू होतं आणि अजून चार घरं बाकी होती, तर मी पूर्ण गुण देऊन मोकळी झाले. ही माझी बाजू. तिच्याकडे मी परत येणार आहे.

गल्लीचा कागद मोजपट्टीने भरला. स्वतःच्या घरात बसून, दोन मिनिटांत. "मी राहते इथे, मला काय बघायचंय?" गटारावर टाकलेल्या फरश्यांना तिने फुटपाथ केलं. डेपोच्या भिंतीची दुपारनंतर रस्त्यावर पडते ती झाली सावली. स्वतःची पायरी झाली बसायची जागा. टेकडीचा कागद सगळा खुणांनी भरलेला तिला दिसत होता ना. आपला रिकामा कसा सोडायचा?

त्यानंतर चिमीचा वाढदिवस. मी नव्हते तिथे, पण मोजपट्टीनेच नंतर सगळं सांगितलं. केक कापून झाला, पोरं फुगे फोडत होती, आणि जाऊबाई कुणाला तरी चिमीचं चित्र दाखवत होत्या. मोजपट्टी म्हणाली, "छान आहे. पण मोजणीत गोटूला सतरा पडले. चिमीला पंधरा."

जाऊबाईंनी चित्र गुंडाळून कपाटावर ठेवलं आणि म्हणाल्या, "हो का? वा." एवढंच. मोजपट्टी म्हणते, त्या रात्री तिला तीन वर्षांत आली नव्हती इतकी गाढ झोप लागली.

मग कच्ची यादी लागली. ऑफिसच्या भिंतीवर, हरकतींसाठी आठ दिवस. पहिल्या सहा गल्ल्यांना खेळघर. डेपोमागची गल्ली नवव्या नंबरावर.

मोजपट्टी यादीसमोर उभी होती. मी शेजारी. ती हळूच म्हणाली, "नववी कशी? आमच्यापेक्षा वाईट गल्ली आहे तरी का कुठे?" आणि हे बोलल्यावर तिचा हात तोंडावर गेला. मला तेव्हा कळलं नाही का ते.

त्या संध्याकाळी इस्त्रीवालीने तिला जिन्याखाली, आपल्या टेबलाशी गाठलं. तिला थोरला मुलगा आणि दोन वर्षांची पोरगी. पोरगी दिवसभर इस्त्रीच्या टेबलाखाली बसलेली असते, कमरेला ओढणी आणि ओढणीचं दुसरं टोक टेबलाच्या पायाला. बाहेर सोडली तर सरळ बसखाली जाईल, आणि वर गरम इस्त्री.

"गोटूच्या आई, तुम्ही तर तिथेच काम करता ना," ती म्हणाली. "आपलं का नाही आलं हो? मी तर हिला सांगून ठेवलं होतं, आता ताईकडे जायचं, आता सुटणार तू."

"बघते," मोजपट्टी म्हणाली.

"आपल्या पोरांनी चांगलं केलं म्हणून नाही आलं, असं म्हणतात ते खरं का? हे कसलं? चांगलं केलं तर शिक्षा?"

टेबलाखालून पोरगी मोजपट्टीच्या चपलेचा बंद ओढत होती.

आता आमच्याकडे एक आहेत दहाटक्केबाई. तीस वर्षं बालवाडी चालवली, आता आमची तपासणी करतात. शंभरातली दहा मुलं त्या स्वतः परत जाऊन मोजतात, पिवळ्या पेटीने. पिवळ्या पेटीत कामं थोडी वेगळी, पुलाऐवजी जिना वगैरे. दुसऱ्या दिवशी त्या आमच्या टेबलाशी चहा घेऊन बसल्या आणि बशीत चहा ओतत म्हणाल्या, "काल गंमत झाली. डेपोमागच्या गल्लीत इस्त्रीवालीच्या मुलाला मी जिना बांधून दाखवला. त्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. गाल फुगवून, श्वास धरून, पूल बांधला. वर लाल ठोकळा. तीस वर्षांत श्वास धरून ठोकळा ठेवणारं मूल मी पाहिलं नव्हतं."

मी माझ्या कपात बघत होते. मोजपट्टी तिच्या कपात बघत होती. बाई कुणाकडेच बघत नव्हत्या. चहा संपवला, बशी पालथी घातली आणि गेल्या.

मी म्हटलं, "काही बोलू नकोस. त्यांना पक्कं काही माहीत नाही. आठ दिवस जाऊ दे." हो, मीच म्हटलं. मला माझी नोकरी दिसत होती. सह्या माझ्या होत्या ना त्या कागदांवर.

ती उठली. मला वाटलं, कप धुवायला चालली. ती सरळ बाईंच्या खोलीत गेली आणि दार उघडं ठेवून म्हणाली, "बाई, तो श्वास मी शिकवलाय. हिला काही माहीत नव्हतं."

बाईंनी चष्मा काढला. मला वाटलं, आता फाडून खातात. त्या म्हणाल्या, "किती दिवस शिकवलंस?"

"दोन आठवडे."

"रोज?"

"रोज. ऑफिसातून गेल्यावर. पायरीवर."

"आणि का?"

इथे तिचा बांध फुटला. पाच बोटं, चाळा, टेकडी, बाक, बाग, सगळं बाहेर आलं. "मला सहन होत नाही हो, बाई. एकाच स्वयंपाकघरात राबलो आम्ही. तिचं पोर पुढे आणि माझं मागे. म्हणजे माझ्यातच काहीतरी कमी आहे ना? मीच पोराला काही देत नाही ना? मी दुसऱ्यांची पोरं मोजत हिंडते आणि माझंच..."

बाईंनी तिला रडू दिलं. मग म्हणाल्या, "उद्या गोटूला घेऊन गल्लीत उभी राहा. मी येते. तू गल्लीचा कागद घरात बसून भरलास, हो ना?"

तिने मान हलवली.

"मग परत भरू. आणि तू पण ये गं," हे मला. माझी काय टाप नाही म्हणायची!

तर आम्ही चौघं डेपोमागच्या गल्लीत. मोजपट्टीच्या एका हातात गोटूचा हात, दुसऱ्यात कागद. बाईंनी घड्याळ लावलं. म्हणाल्या, "तू गाड्या मोज. मी दुसरंच काहीतरी मोजते." आणि कागदाच्या पाठीवर पेन्सिलीने बारीक रेघा मारत राहिल्या.

दहा मिनिटं. मी त्या गल्लीत पन्नास वेळा गेले असेन, पण अशी उभी कधी राहिले नव्हते. बस वळते तेव्हा अख्खा रस्ता तिचा होतो, माणसं भिंतीला चिकटतात. गोटूला फरशीच्या फटीतून गटारात बघायचं होतं. त्याला टायरवाल्याकडची हवा भरायची नळी बघायची होती. त्याला इस्त्रीच्या टेबलाखालच्या पोरीकडे जायचं होतं. मोजपट्टी एकीकडे गाड्या मोजतेय आणि दुसरीकडे, थांब, हात सोडू नको, तिकडे नको, मागे हो, अरे बस आली, हात लावू नको...

"झाली दहा मिनिटं," बाई म्हणाल्या. "गाड्या किती?"

"एकतीस."

"फुटपाथ?"

ती बघत राहिली त्या फरश्यांकडे. दोन तुटलेल्या, एक गायब. "नाही," ती म्हणाली. आणि खोडून लिहिलं, नाही.

"आता चला टेकडीवर."

बसने गेलो. तोच रस्ता, तेच झाड, तोच बाक. बाईंनी परत घड्याळ लावलं, परत पेन्सिल काढली. आणि काय सांगू तुला, मोजपट्टीने फुटपाथावर येताच गोटूचा हात सोडला. आपोआप. तिला कळलंही नाही. गोटू पुढे पळाला, परत आला, बाकावर चढला. "ते बघ खारूताई," ती म्हणाली. "कुठे गेली? किती पायऱ्या आहेत रे तिथे, मोज बरं." तो म्हणाला, "खारीला घर असतं का?" ती म्हणाली, "तुला काय वाटतं?" आणि दोघं बोलतच बसली.

दहा मिनिटं झाल्यावर बाईंनी कागद उलटा करून तिच्यासमोर धरला. एका बाजूला रेघाच रेघा. दुसऱ्या बाजूला अगदी थोड्या.

"ही काय मोजणी?" तिने विचारलं.

"तू गोटूला किती वेळा नको, थांब, मागे हो म्हणालीस, त्याची. खाली सव्वीस. इथे चार." बाई बाकावर बसल्या. "आणि तू त्याला प्रश्न विचारलास, तेही मोजलेत. खाली एकही नाही. इथे नऊ."

मोजपट्टीने बोटाने रेघा परत मोजल्या.

"आई तीच," बाई म्हणाल्या. "पोरगं तेच. सकाळ तीच. मधे फक्त बसचं तिकीट. आता सांग, तुझ्यात काय कमी आहे?"

"म्हणजे माझी जाऊ माझ्यापेक्षा चांगली आई नाही," ती अगदी हळू म्हणाली.

"चांगलीच आहे ती. तूही आहेस. तिच्या बाजूने रस्ता आहे. तुझ्या विरुद्ध आहे. खालच्या आईची सगळी ताकद पोराला जिवंत ठेवण्यात जाते, गप्पा मारायला उरतच नाही. आणि आपण काय करतो? वर बघून म्हणतो, हुशार घराणं. खाली बघून म्हणतो, बेफिकीर आई. अगं, तुम्ही दोघी तर एकाच घराण्यातल्या!"

"पण मी फसवलं, बाई."

"फसवलंस. त्याचं जे व्हायचं ते होईल, मी झाकणार नाही. पण तू नकळत काय दाखवून दिलंस तेही बघ. दोन आठवडे, एक पायरी, आणि खाली बसलेलं एक मोठं माणूस. एवढ्यावर पाच पोरं पूल बांधायला लागली. मग त्यांच्यात कमी काय होतं? पायरीवर बसणारं माणूस कमी होतं. तेच तर त्या खेळघरात मिळणार होतं."

गोटू बाकाखाली शिरून मुंग्या बघत होता. कुणीच त्याला नको म्हटलं नाही.

"आणि एक सांगू?" बाई उठता उठता म्हणाल्या. "हेवा जात नाही कुणाचा. माझाही गेला नाही या वयात. पण करायचाच तर माणसाचा करू नये. फुटपाथाचा करावा. माणसाकडचं हिसकावून घेता येत नाही. फुटपाथ मागता येतो."

तिने दुसऱ्या दिवशी सगळं लिहून दिलं, सहीसकट. आमच्या वरच्या डॉक्टरबाईंनी तिला सहा महिने मुलं मोजण्यावरून काढलं. आता ती मागच्या खोलीत पेट्या भरते आणि कागद संगणकात चढवते. डेपोमागची गल्ली दुसऱ्या जोडीने पिवळ्या पेटीने नव्याने मोजली. गोटूला दहा पडले. बाकीचेही उतरले. गल्ली चौथ्या नंबरावर आली. यादी पक्की झाली.

पण ऐक, चौथी आली म्हणजे सहावी होती ती सातवी झाली. तिथल्याही आया खेळघराची वाट बघत असणार ना? हे मला मोजपट्टीनेच दाखवलं. म्हणाली, "मी खरं वागले असते तर त्यांना आशा तरी लागली नसती." तिच्या डोळ्यांसमोरून ते जात नाही अजून.

आणि सगळ्यात अवघड काम तिने शेवटी केलं. जावेला फोन. माझ्यासमोर, पेट्यांच्या खोलीत बसून.

"ताई, ते सतरा खोटे होते. मी शिकवून बसवला होता त्याला. खरे दहा आहेत. आणि चिमीचे पंधरा मी सगळ्यांसमोर सांगायला नको होते."

पलीकडून आवाज आला, फोन स्पीकरवर होता म्हणून मीही ऐकला. "अगं, वाढदिवसापासून मी रोज चिमीला पूल बांधायला बसवतेय. काल तिने सगळे ठोकळे चपलांच्या कपाटात लपवले. मी ओरडले तर म्हणाली, गोटूला बोलाव, तोच बांधेल."

मोजपट्टी आधी हसली, मग रडली, मग परत हसली. म्हणाली, "ताई, खरं सांगू? मला तुमचा फार हेवा वाटतो. अजूनही."

"माझा?"

"तुमच्या फुटपाथाचा."

"मग माग की. अर्ज लिही, मी पण सही करते. आमच्या वसाहतीतल्या बायकांच्याही आणते. टेकडीवरच्या सह्या बघून तरी पालिकावाले हलतील."

तो अर्ज आता फिरतोय. बस वळते तिथे कठडा, गटारावर नीट झाकणं, आणि चालायला जागा. पहिली सही इस्त्रीवालीची आहे, थोडी वाकडी. खेळघराची खोली ठरलीये, डेपोच्या जुन्या तिकीटघरात. परवा भिंती रंगवायला घेतल्या. इस्त्रीवालीची पोरगी रंगाच्या डब्यांमध्ये हिंडत होती, ओढणीशिवाय.

मला कळलं ते एवढंच. आपण शेजारच्याचं पोर बघतो, आपलं बघतो, आणि दोन पोरं शेजारी उभी करून मोजतो. पोरांखालचा रस्ता कुणीच मोजत नाही. चार वर्षांचं मूल पुढे की मागे, हे त्याचे गुण नसतात गं, ते आपल्या सगळ्यांचे असतात. ज्यांनी रस्ता केला त्यांचे, ज्यांनी केला नाही त्यांचे, आणि जे रोज त्या तुटक्या फरशीवरून उडी मारून ऑफिसला जातात आणि काही म्हणत नाहीत त्यांचेही. म्हणजे माझेही.

हं, माझी बाजू राहिली. त्या जुळ्यांनी गाल फुगवले तेव्हाच मला कळलं होतं. पूर्ण नाही, पण कळलं होतं. आणि मी गुण देऊन पुढच्या घरी गेले. तिने सगळं स्वतःवर घेतलं, "हिला काही माहीत नव्हतं" म्हणाली, आणि मी ते तसंच राहू दिलं. अजून निळी पेटी घेऊन मीच हिंडते. काल दहाटक्केबाई माझ्याशेजारी चहा प्यायला बसल्या, बशीत ओतला, आणि कुणाकडेच न बघता म्हणाल्या, "पहिलं गाल फुगवणारं मूल कोणत्या घरात बघितलंस गं तू?"

उद्या सकाळी मी त्यांच्या खोलीत जाणार आहे. जाणारच आहे. पण तू सांग, खरं सांग, पेन हातात, चार घरं बाकी, आणि समोर दोन पोरी गाल फुगवून बसल्यात... तू काय केलं असतंस?